वहिनींचा थायरॉईड वाढला, तो बोअरच्या पाण्याने का?

औसा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "वहिनी ३६ वर्षांच्या. चार महिन्यांत आठ किलो वजन उतरलं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही. टीएसएच ०.०१ आलंय, टी-फोर वाढलेलं. शेजारच्या काकूंनाही थायरॉईड आहे आणि दोन्ही घरं एकाच बोअरचं पाणी पितात. दादा तुरीवर, सोयाबीनवर फवारणी करतो, पंप घरातच ठेवतो. वडील वारल्यापासून घरात ताण आहे. कुणी म्हणतं आयोडीनचं मीठ बंद करा, सैंधव आणा. मध्ये त्यांचं पोटदुखीसाठी सीटी स्कॅन झालं होतं, त्यात फक्त मुतखडा निघाला. आजूबाजूच्या कशामुळे हे झालं असेल? काय बदलायचं?"

लातूरला फिजिशियन म्हणून माझी पंचवीस वर्षं गेली. हा प्रश्न ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारण कोणतं, हे ठरवण्याआधी वहिनींचा थायरॉईड वाढलाय म्हणजे नेमकं काय झालंय ते कळायला हवं. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून थायरॉईडला येणारा 'काम कर' हा निरोप. तो शून्याजवळ आला याचा अर्थ रक्तात थायरॉईडचं संप्रेरक (हार्मोन, टी-फोर हे त्यातलंच) जास्त झालंय, एवढाच. ते का जास्त झालं, ते हा कागद सांगत नाही. अंगणात पाणी वाहताना दिसलं, तर एक तर मोटार चालूच राहिली आणि टाकी भरून वाहतेय, नाही तर टाकीलाच तडा गेलाय. अंगण दोन्हीकडे सारखंच ओलं. पण टाकीला तडा असताना मोटार बंद करून काही उपयोग नाही.

मोटार चालू राहण्याचं सगळ्यांत मोठं कारण ग्रेव्ह्‌ज आजार. यात शरीर स्वतःच एक प्रतिपिंड (अँटीबॉडी) तयार करतं. ते थायरॉईड ग्रंथीवर टीएसएचच्या जागी जाऊन बसतं आणि ग्रंथीला सतत काम करायला लावतं. वहिनींच्या वयाच्या बाईत हेच पहिल्यांदा डोक्यात येतं. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार कित्येक पटींनी जास्त दिसतो. दुसरं कारण गाठीचं. जुन्या गलगंडातली एखादी गाठ कुणाचं न ऐकता आपल्या मनाने संप्रेरक बनवू लागते. हे साधारणपणे पन्नाशीनंतर दिसतं. टाकीला तडा म्हणजे थायरॉइडायटिस: ग्रंथीला सूज येते आणि आत साठलेलं संप्रेरक रक्तात सांडतं. हा साठा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत संपतो आणि पातळी आपोआप खाली येते. इथे ग्रंथीचं उत्पादन रोखणाऱ्या कार्बिमाझोलच्या गोळ्यांचा उपयोग नाही, कारण नवीन उत्पादन आधीच थांबलेलं असतं. तुमच्या पत्रात चार महिन्यांचा त्रास आणि अजून वाढतच असलेली लक्षणं आहेत, त्यामुळे माझा कल ग्रेव्ह्‌जकडे आहे. पण तपासल्याशिवाय मी तसं लिहून देणार नाही.

आता शेजारच्या काकू. त्यांचा रिपोर्ट किंवा गोळीची बाटली एकदा बघा. आपल्याकडे "थायरॉईड झालाय" हे एकच वाक्य दोन उलट आजारांसाठी वापरतात. त्या सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाचीच, गोळी घेत असतील, तर त्यांचा थायरॉईड मंद आहे आणि वहिनींचा धावतोय. मग एकाच बोअरने दोघींना विरुद्ध दिशेचे आजार दिले, असं म्हणावं लागेल. मंद थायरॉईड मुळात इतका सर्रास आढळतो की कोणत्याही गल्लीत एखादी तरी काकू निघतेच. आणि हेही सांगून ठेवते: त्यांची गोळी वहिनींनी किंवा वहिनींची गोळी त्यांनी चुकूनही घ्यायची नाही. माझ्याकडे एक मुलगी अशीच धडधड घेऊन आली होती. लग्न ठरलं होतं, वजन उतरवायचं होतं, म्हणून ती दोन महिने मावशीच्या थायरॉक्सिनच्या गोळ्या रोज दोन-दोन खात होती. गोळ्या थांबवल्या आणि महिना-दीड महिन्यात ती बरी झाली.

ही दिशेची गोष्ट लक्षात ठेवली की तुमचे अर्धे संशय आपोआप सुटतात.

पाण्याचं बघा. मराठवाड्यात बोअर खोल गेले तसं पाण्यातलं फ्लोराईड आणि नायट्रेट हा खरोखर काळजीचा विषय झाला आहे. नांदेडमधल्या किनवट भागात फ्लोराईडने दात आणि हाडं खराब झालेली माणसं मी स्वतः तपासली आहेत. पण थायरॉईडपुरतं बोलायचं तर हे दोन्ही पदार्थ ग्रंथीला धावायला लावत नाहीत. झालाच परिणाम तर ती मंदावते. नायट्रेट आयोडीनला ग्रंथीत शिरताना अडवतं. फ्लोराईडचं तर असं की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात काही डॉक्टर वाढलेला थायरॉईड दाबायला रुग्णांना फ्लोराईड देत असत. म्हणजे वहिनींच्या आजाराच्या बरोबर उलट. पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, हे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. त्याचा इथे संबंध नाही.

तरीही पाणी तपासून घ्या, पण लेकरांच्या दातांसाठी आणि सगळ्यांच्या हाडांसाठी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं.

खाण्याचंही तेच. बाजरीची भाकरी, कोबी, सोयाबीन यांच्याबद्दल बायका मला फार विचारतात. आपल्या भागात सोयाबीन म्हणजे घरातलं सोनं, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. बाजरी आणि कोबी फार मोठ्या प्रमाणात आणि आयोडीन कमी असताना खाल्ले तर ग्रंथी मंदावू शकते. सोया थायरॉक्सिनची गोळी पोटात नीट शोषू देत नाही. यातलं काहीही थायरॉईड वाढवत नाही. वहिनींना भाकरी खाऊ द्या, त्यांचं वजन आधीच उतरलं आहे.

फवारणीबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण तिथली काळजी खरी आहे. कीटकनाशकं आणि थायरॉईड यांवर सगळ्यांत मोठं काम अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांवर झालं. तिथे शेतकऱ्यांच्या बायकांमध्ये जुन्या ऑर्गॅनोक्लोरिन (डीडीटीच्या जातीच्या) कीटकनाशकांचा संबंध दिसला तो मंद थायरॉईडशी. म्हणून फवाऱ्यामुळे वहिनींचा थायरॉईड वाढला, असं मी म्हणणार नाही. पण पंप घरात ठेवणं आजच बंद करा. फवारणीचे कपडे वहिनींनी घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत, दादाने ते वेगळ्या बादलीत स्वतः धुवावेत. आणि एक फरक माहीत असू द्या. फवारणीनंतर अंग घामाने भिजलं, हात थरथरले, तर ती विषबाधाही असू शकते. तिच्यात बहुधा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, उलट्या होतात, नाडी मंद पडू शकते. थायरॉईडमध्ये नाडी धावते आणि लाळ, बाहुल्या यांत काही बदल नसतो. विषबाधेचा संशय आला तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मग ग्रंथीला खरोखर पळायला लावतं काय? बाहेरून येणाऱ्या गोष्टींत पहिलं नाव आयोडीनचं. इथे तुमचा मिठाचा प्रश्न बरोबर जागेवर आहे, पण उत्तर लोक सांगतात तसं नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. मिठाच्या पुडीत घरी पोहोचेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन राहावं असा नियम आहे. म्हणजे दिवसाच्या दहा ग्रॅम मिठातून बरोबर गरजेएवढं मिळतं. निरोगी ग्रंथीला स्वतःचा ब्रेक असतो: आयोडीन अचानक वाढलं तर ती काही दिवस काम थांबवते. ज्या ग्रंथीत आधीच ग्रेव्ह्‌जचं बी आहे किंवा मनमानी करणारी गाठ आहे, तिचा ब्रेक लागत नाही. १९६६ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर पावात आयोडीन घालायला सुरुवात झाली आणि थायरॉईड वाढलेले रुग्ण ठळकपणे वाढले. त्यांत बहुतेक चाळिशी ओलांडलेले, जुन्या गाठी असलेले लोक होते. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन सक्तीचं झालं, तेव्हाही आकडा आधी वर गेला आणि पुढच्या वर्षांत सुरुवातीपेक्षाही खाली आला. म्हणजे धक्का बसतो तो आयोडीन नव्याने सुरू होताना. वहिनी तर लहानपणापासून हेच मीठ खात असणार. मीठ बदलून त्यांचा आजार जाणार नाही. उलट त्याच मिठाच्या डब्यावर घरातल्या लेकरांचा मेंदू आणि उद्याची गरोदरपणं अवलंबून आहेत. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी केलेल्या कामातून आयोडीनच्या मिठाने गलगंड कमी होतो हे आपल्या देशात सिद्ध झालं. सैंधव आणून ते घालवू नका. फक्त रेडिओ-आयोडीनचा (किरणोत्सारी आयोडीन देऊन ग्रंथी शांत करण्याचा) उपचार ठरला, तर त्याआधी थोडे दिवस आयोडीन कमी करायला सांगतात. तेव्हा डॉक्टर सांगतील तेवढंच करा.

मिठातलं आयोडीन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मी ज्या आयोडीनला घाबरते ते ग्रॅममध्ये असतं, आणि ते आपल्या दवाखान्यांतूनच येतं. म्हणून तुमच्या पत्रातलं सीटी स्कॅनचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

सीटी करताना शिरेतून जे औषध देतात, ज्याला आपण डाय म्हणतो, त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० ग्रॅम किंवा त्याहून जास्त आयोडीन असतं. बहुतेक आयोडीन त्या रेणूला घट्ट बांधलेलं असतं आणि लघवीवाटे निघून जातं. पण जे सुटं होतं तेही रोजच्या गरजेच्या कित्येक पट असतं. अँजिओग्राफीतही हेच औषध वापरतात. याचा परिणाम काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत कधीही दिसू शकतो.

किल्लारीकडच्या एक आजी माझ्या चांगल्या लक्षात आहेत. गळ्याला लिंबाएवढी गाठ. विचारलं तर म्हणाल्या, "ही लई जुनी हाय बाई, भूकंपाच्या अगुदरची." म्हणजे १९९३ च्या आधीची. आमच्या भागातली जुनी माणसं सगळं आयुष्य त्या पहाटेच्या अलीकडे-पलीकडे मोजतात. गाठीने इतकी वर्षं काहीही त्रास दिला नव्हता. मग छातीत दुखलं म्हणून अँजिओग्राफी झाली, हृदय ठीक निघालं, आणि दोन महिन्यांनी आजी हाडं दिसेपर्यंत वाळल्या, नाडी १४० आणि अनियमित. घरच्यांना वाटलं म्हातारपण, नाही तर कॅन्सर. रक्त तपासलं तर थायरॉईड. गाठ जुनीच होती, डायच्या आयोडीनने ती जागी झाली. अँजिओग्राफी गरजेचीच होती, ती करणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण गळ्यावर आधी कुणी हात लावला असता, तर पुढचे दोन महिने आम्ही आजींवर नजर ठेवली असती.

तर वहिनींच्या सीटीचा कागद काढा. मुतखड्यासाठी सीटी करतात तेव्हा बहुधा डाय लागत नाही, साधं सीटी पुरतं. पण पोटदुखीचं कारण माहीत नसताना केलं असेल तर डाय दिलेला असू शकतो. रिपोर्टमध्ये "कॉन्ट्रास्ट" हा शब्द आहे का आणि तारीख कोणती, ते बघा. लक्षणं सीटीच्या आधीपासूनची असतील तर डाय सुटला. नंतरची असतील तर तो संशयित आहे, आणि ते डॉक्टरांना सांगणं दुसऱ्या कारणासाठीही जरूर आहे: डाय दिल्यावर साधारण एक-दोन महिने थायरॉईडचा स्कॅन फसवा येतो.

याच जातीची आणखी दोन नावं. हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात ती अमिओडारोन: २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन, आणि बंद केल्यावरही ती अंगात कित्येक महिने राहते. ती स्वतःहून बंद करायची नाही, सुरू असेल तर थायरॉईड नियमित तपासायचा. दुसरं, मोठ्या जखमेवर महिनोन्‌महिने रोज लावलेलं पोव्हिडोन-आयोडीन. खरचटल्यावर दोन दिवस लावलं तर काही होत नाही. ऑनलाइन मागवलेल्या "थायरॉईड सपोर्ट" कॅप्सूलमध्ये समुद्री शेवाळ असेल तर तेही आयोडीनच. वजन उतरवायच्या बिननावाच्या पुड्यांत तर थायरॉईडचं संप्रेरकच मिसळलेलं सापडलं आहे.

वहिनींचे केसही गळत असतील, कारण या आजारात गळतातच. त्यासाठी त्या बायोटिनची गोळी घेतात का, ते विचारा. बायोटिन आजार करत नाही, पण मोठ्या मात्रेत काही तपासण्यांना फसवतं: टीएसएच खोटं कमी, टी-फोर खोटं जास्त, प्रतिपिंडही खोटं पॉझिटिव्ह. तीन दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा रक्त द्यायचं. त्यांचं आठ किलो वजन आणि हाताचा कंप मात्र बायोटिनने होत नाही, त्यामुळे त्यांचा आजार खरा आहे यात मला फारशी शंका नाही.

वडील गेल्याचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्याला तेवढं लहान समजत नाही. १९९१ साली स्वीडनमधल्या अभ्यासात नव्याने ग्रेव्ह्‌ज झालेल्या रुग्णांच्या आधीच्या वर्षभरात मृत्यू, तुटलेली नाती अशा घटना इतरांपेक्षा जास्त आढळल्या. माझ्या ओपीडीतही हे ऐकू येतं: सासरे गेले, पीक गेलं, कर्जाची नोटीस आली, आणि मग धडधड सुरू झाली. उलटंही होतं. थायरॉईड वाढू लागला की माणूस आधी चिडचिडा होतो, घरात खटके उडतात, आणि सगळे म्हणतात भांडणामुळे आजार आला. म्हणून मी "ताणानेच झालं" असं म्हणत नाही. बी आधीपासून असतं, ताणाने ते रुजायला मदत होत असावी. एकसारख्या जुळ्यांत एकीला ग्रेव्ह्‌ज असेल तर दुसरीला होण्याचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांश आहे. रक्त तेच, घर तेच, तरी दोन-तृतीयांश सुटतात. वहिनींच्या माहेरी कुणाला थायरॉईड, पांढरे डाग किंवा लहानपणीची शुगर आहे का, हेही विचारा. आणि त्यांच्या चिडण्याचा राग मनात धरू नका, त्यातलं बरंचसं आजार बोलतो.

आता जे ठामपणे सांगता येतं ते: धूर. नेदरलँड्समधल्या १९९३ च्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांत ग्रेव्ह्‌जची शक्यता साधारण दुप्पट होती, आणि ग्रेव्ह्‌जमुळे डोळे बाहेर येण्याची शक्यता सात ते आठपट. वहिनी ओढत नसतीलच, पण दादा बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने निदान घरात तरी ओढू नये. मिश्री लावत असतील तर तीही सोडायला मी सांगेन, ती तोंडाच्या कॅन्सरच्या धोक्यामुळे.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत. धाकटं लेकरू केवढं आहे? बाळंतपणानंतरच्या वर्षभरात टाकीला तडा जाणं आणि ग्रेव्ह्‌ज सुरू होणं, दोन्ही जास्त घडतं. आणि मागच्या काही महिन्यांत सर्दी-तापानंतर गळ्याच्या पुढच्या भागात, हात लावू देत नाही इतकं दुखलं होतं का? तसं असेल तर विषाणूनंतरचा थायरॉइडायटिस, त्याचा उपचार वेगळा. मोबाइल टॉवरचंही लोक विचारतात. त्या लहरींनी थायरॉईड वाढतो असं मी मानत नाही.

तर या आठवड्यात हे करा. सीटीचा कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आधीचे रिपोर्ट एका पिशवीत घालून फिजिशियनकडे जा. ग्रंथीवर टीएसएचच्या जागी (रिसेप्टरवर) बसणाऱ्या त्या प्रतिपिंडाची तपासणी होते, तिला टीआरएबी म्हणतात. नमुना मोठ्या शहरात जातो, पण रक्त लातूरलाच देता येतं. डायमुळे स्कॅन फसवा असेल तेव्हा हीच तपासणी कामाला येते. गोळी सुरू करण्याआधी पांढऱ्या पेशी आणि लिव्हर तपासलेलं बरं. लघवीची गर्भ-तपासणीही आधी करून घ्या, संकोच करू नका: गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत टीएसएच आपोआपही उतरतं, आणि कार्बिमाझोल त्या काळात बाळाला घातक ठरू शकतं, तिथे दुसरी गोळी देतात. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल देतील. दमा असेल तर आधी सांगा, ती चालत नाही. मे महिन्याच्या उन्हात अशा रुग्णाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उकडतं, दुपारी रानात पाठवू नका.

कार्बिमाझोल सुरू झालं तर एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करा, वहिनींनीच नव्हे. हजारात दोन ते पाच जणांत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, ही गोळी पांढऱ्या पेशी एकदम पाडते. ताप आला आणि घसा दुखला, तोंडात फोड आले, तर गोळी त्याच क्षणी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करायची. गावात तापाचं इंजेक्शन घेऊन "उद्या बघू" म्हणायचं नाही, रात्र असली तरी निघायचं.